सत्तावन्न फोन

"ही गाठ आजची नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आकार बघता दीड-दोन वर्षं तरी ती तिथं असणार." आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं. टक असा आवाज झाला. तेवढाच आवाज मला नीट ऐकू आला. त्यानंतर त्या बराच वेळ बोलत होत्या, भिंतीवरच्या आतड्याच्या चित्रावर बोट ठेवून काही दाखवत होत्या, मी मान हलवत होते आणि मनात महिने मोजत होते. रक्ताची तपासणी गेल्या वर्षाच्या सुरुवातीला झाली. तिला आता सतरा महिने झाले. म्हणजे रक्त काढलं तेव्हा गाठ आत होती, आणि कागदावर 'दोष आढळला नाही' असं छापून आलं होतं. वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, शेजारच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, पण चेहरा असा की जणू कुणी पडद्याचं माप चार बोटं कमी भरल्याचं सांगितलंय. त्या पडदे शिवतात, तीस वर्षं. माप चुकलं तर हळहळत बसत नाहीत, उसवायला घेतात. आता इथं उसवायचं काय, आणि कुणी, एवढंच त्यांना समजून घ्यायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी एक कागद पुढं केला. दोन रस्ते होते. आधी औषधं देऊन गाठ लहान करायची आणि मग काढायची, किंवा परवाच पोट उघडायचं. "माझा कल औषधांकडे आहे," त्या म्हणाल्या, "पण ठरवायचं तुम्ही. चार वाजेपर्यंत खूण करून सही द्या, उद्यापासून सुरू करू." वहिनींनी कागद उचललासुद्धा नाही, टेबलावरून तसाच माझ्याकडे सरकवला. "धाकटे, तू बघ," त्या म्हणाल्या. "तू म्हणशील तिथं सही करते."

असंच वाक्य मी आधीही ऐकलं होतं, आमच्या जिन्यात. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, त्या खालच्या. मोठे दीर गेल्यापासून त्या एकट्याच, म्हणजे त्या आणि त्यांचं मशीन. सकाळी सातला मशीन सुरू होतं आणि माझ्या स्वयंपाकघराची फरशी पायाखाली बारीक थरथरायला लागते. ती थरथर थांबली की मला कळतं, वहिनींचा चहा झाला, आता त्या दोरा बदलतायत. त्यांना फोन करण्यात अर्थ नसतो. मशीनच्या आवाजात ऐकू जात नाही, आणि गेलं तरी त्या उचलत नाहीत. "ज्याला काम असेल तो येईल," म्हणतात. माझा नवरा चेष्टेनं म्हणतो, वहिनीला निरोप द्यायचा तर फोनपेक्षा वरून चप्पल टाकावी. तर त्या जिन्यात, सतरा महिन्यांपूर्वी, त्यांनी मला थांबवलं. पोटात दुखतंय, कधी कधी रक्तही जातं, असं अगदी सहज सांगितलं, दुकानातून सुई आण म्हणावं तसं. त्या वेळच्या साध्या डॉक्टरांनी दोन गोष्टी सुचवल्या होत्या: एकतर दुर्बीण घालून सगळं आतडं बघायचं, किंवा नवीन रक्ताची तपासणी करायची, ती चांगली आली तर दुर्बिणीची गरज नाही. वहिनींना दुर्बिणीची धास्ती होती. त्यांनी तसं म्हटलं नाही, पण जिन्याचा कठडा अंगठ्यानं घासत होत्या. आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणाले, "रक्ताचीच करा वहिनी. ती तपासणी माझ्या हाताखालून गेलीय. मी स्वतः बघितलंय सगळं. चांगली आहे." वहिनींनी कठडा घासायचं थांबवलं. "तू म्हणतेस म्हणजे झालं," त्या म्हणाल्या. मला त्या दिवशी जिना चढताना किती बरं वाटलं होतं, हे मला दवाखान्यातल्या खुर्चीत आठवलं. आपलं काम घरच्या माणसाच्या उपयोगी पडतंय, असं काहीतरी वाटलं होतं मला.

डॉक्टरीणबाईंना मी म्हणाले, मला कार्यालयात जाऊन थोडं वाचून यावं लागेल. त्या म्हणाल्या, अवश्य, तुमचं तर कामच ते. वहिनींना वॉर्डात खाट मिळाली होती, खिडकीजवळची. त्यांनी खाटेवर बसण्याआधी पडदा हातात घेऊन उलटा करून बघितला. "टाके मोठे घातलेत," म्हणाल्या. मी म्हटलं, तीन-सव्वातीनपर्यंत येते. "सावकाश ये. मी काय पळून जातेय," त्या म्हणाल्या.

माझं काम लोकांना समजावून सांगता सांगता माझी अर्धी हयात गेली. मी डॉक्टर नाही. तपासण्या करतही नाही. कुणीतरी एखादी तपासणी काढतो, मग कुणीतरी तिचा अभ्यास करून लिहितो की ही शंभरातल्या इतक्या आजाऱ्यांना बरोबर पकडते. आम्ही त्या अभ्यासाची झडती घेतो. माणसं निवडली कशी, रांगेनं आली तशी की सोयीची तेवढी? निकाल वाचणाऱ्याला आधीच ठाऊक होतं का कोण आजारी आहे? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, ज्याच्यावरून मी नव्या मुलींना जीव नकोसा करते: तपासणी खरी की खोटी हे ताडून बघायला जी खात्रीची परीक्षा असते, इथं दुर्बीण, ती सगळ्यांची केली का, की ज्यांच्यावर संशय आला तेवढ्यांचीच? कारण ज्यांना तपासणी 'काही नाही' म्हणाली त्यांच्या आत कुणी डोकावलंच नाही, तर तिची चूक सापडणार कशी? चोर पकडले तेवढेच चोर, बाकी सगळे साव, असा तो हिशेब होतो. प्रत्येक प्रश्नापुढे तीन चौकोन असतात: हो, नाही, अस्पष्ट. दोघांनी वेगवेगळं बसून खुणा करायच्या, एकमेकांचं बघायचं नाही, आणि मग समोरासमोर बसून जिथं जमत नाही तिथं एकमत करायचं. मी 'अस्पष्ट' इतक्या वेळा लिहिते, की कार्यालयात मला किसणी म्हणतात. शब्दाचा कीस पाडते म्हणून. मला ते नाव आवडतं, खोटं कशाला बोलू. पंचवीस वर्षं मी लोकांना, मोठमोठ्या लोकांना, पत्रं पाठवून विचारत आलेय की तुम्ही जे लिहिलं नाहीत ते का लिहिलं नाहीत. घरी मुलगा म्हणतो, आईला 'जेवलो' म्हटलं तर ती विचारते कशावरून.

बसमध्ये मी खिडकीशी बसले आणि स्वतःची समजूत घालायला लागले. ती घालायला सोपी होती, कारण ती आमच्या धंद्यातलीच समजूत. त्या अभ्यासानं म्हटलं होतं, तपासणी शंभरातल्या सत्त्याण्णव आजाऱ्यांना पकडते. म्हणजे तीन सुटतात. सुटणारच, अशी तपासणी जगात नाही जिच्यातून कुणी सुटत नाही. वहिनी त्या तिघांतल्या एक. ह्यात कुणाची चूक नाही, नशीब नावाची जी गोष्ट आम्ही टक्क्यांत लिहितो ती ही. मी हे दोनदा, तीनदा मनात म्हटलं. पुढच्या बाकावर एक बाई मोसंबी रंगाची लोकर विणत होती, तिचा एक टाका सुटला, तिनं तो सुईनं अलगद परत धरला, आणि मी मनातल्या मनात थांबले. कारण 'सत्त्याण्णव' हा आकडा मी घोकत होते, आणि तो आकडा आला कुठून हे मला आठवत नव्हतं. मला सगळं आठवतं. अकरा वर्षांपूर्वीच्या अभ्यासात तक्ता दोन आणि तक्ता तीन यांची बेरीज जुळत नव्हती, हे मला अजून आठवतं. आणि इथं, घरच्या माणसाचं रक्त ज्याच्या भरवशावर काढलं, तिथं कोरी पाटी. मी उतरायचा थांबा सोडून पुढं गेले आणि मागं चालत आले.

फायली सांभाळणाऱ्या बाईंनी पाच मिनिटांत फाईल काढून दिली. हिरव्या पुठ्ठ्याची, पाच वर्षांपूर्वीची. नऊ अभ्यास होते. आठ किरकोळ, पन्नास-साठ माणसांचे, आणि एक मोठा, तीनशे वीस माणसांचा. सगळी भिस्त त्याच एकावर होती. त्याच्या जोरावर आम्ही लिहिलं होतं की ह्या तपासणीवर विसंबायला हरकत नाही, आणि आमच्या त्या एका ओळीवर ती गावोगावच्या दवाखान्यांत गेली होती. मी मोठ्या अभ्यासाचं माझं पान उघडलं. माझंच अक्षर, माझ्याच पेन्सिलीच्या खुणा. प्रश्न अकरा: खात्रीची परीक्षा सर्वांची केली का? माझी पेन्सिल 'अस्पष्ट'वर होती. समासात मी लिहिलं होतं, 'एकशे अठ्ठ्याऐंशी जणांना दुर्बीण घातलीच नाही. फोनवर चौकशी केली म्हणतात. किती जणांनी फोन उचलला?' वाचून मला क्षणभर हायसं वाटलं, अगदी शाबासकी मिळाल्यासारखं. किसणीनं पाहिलं होतं. मग मी एकमताचं पान उलटलं, शाईचं, जे पुढं जातं ते. प्रश्न अकरा: हो. चुकीचा धोका: कमी. आणि खाली माझ्या अक्षरात, 'लेखकांना पत्र पाठवलं आहे. उत्तर आल्यावर गरज पडली तर बदलू.' मी खुर्चीत होते तशी बसून राहिले. कुणीतरी माझ्या टेबलावरचा चहा उचलून नेला, तो गार झाला म्हणून, आणि दुसरा ठेवला. तोही गार झाला.

तो दिवस मला आता सगळा आठवला, दार उघडावं तसा. समोर माझा जोडीदार बसला होता, ज्याला आम्ही चालेलराव म्हणतो, कारण त्याला सगळं चालतं. माणूस सज्जन, बुद्धी लख्ख, पण वाद नको म्हणून पाऊल मागं घेणारा. त्याचं आणि माझं म्हणूनच पंधरा वर्षं जमलं. चौदा प्रश्नांतले तेरा जुळले होते, अकरावा अडला होता. त्यानं 'हो' लिहिलं होतं. तो म्हणत होता, "बाई, एवढे मोठे लोक आहेत, फोन केला म्हणतायत तर केला असणार. माणूस आजारी असता तर स्वतःहून आला नसता का परत?" मी म्हणत होते, न आलेला माणूस बरा आहे, की दुसरीकडे गेलाय, की मेलाय, हे तुम्हाला कोण सांगणार? आमचं हे पाऊण तास चाललं होतं. एकदा जीभ सुटली की मी कुणाला ऐकत नाही. आणि मग फाटकावरचा पहारेकरी वर आला आणि म्हणाला, "बाई, खाली तुमच्या वहिनी उभ्या आहेत. तासभर झाला. बसा म्हटलं तर बसत नाहीत." वहिनींचा चष्मा करायला जायचं होतं. त्यांना सुईचं नाक दिसतं पण बारीक छापलेलं वाचता येत नाही, आणि चष्म्याचं दुकान साडेपाचला बंद व्हायचं. मी घड्याळ बघितलं, पाच वाजले होते. चालेलराव म्हणाला, "पत्र पाठवलंयच ना तुम्ही? मग आता 'हो' लिहू, उत्तर वेगळं आलं तर बदलू. चालेल?" आणि मी म्हटलं, चालेल. आयुष्यात एकदा म्हटलं. खाली गेले तर वहिनी खरंच उभ्या होत्या, भिंतीला न टेकता, पिशवी पोटाशी धरून. "झालं का गं काम तुझं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, झालं.

पण शाईचं पान वाचून झाल्यावरही मला वाटत होतं, थांब, उत्तर आलं असेल आणि ठीक असेल. सगळ्यांनी फोन उचलले असतील. मी फाईल शेवटपासून उलटायला लागले. पावत्या, पोचपत्रं, एक प्लॅस्टिकचं पाकीट. त्यात एक पत्र होतं. आमच्या शेऱ्यावर शिक्कामोर्तब झाल्यानंतर तीन आठवड्यांनी आलेलं. अगदी नम्र, सात ओळींचं. त्या मोठ्या माणसांनी काहीही लपवलं नव्हतं, विचारलं ते सरळ सांगून टाकलं होतं. 'एकशे अठ्ठ्याऐंशीपैकी एकशे एकतीस जणांशी फोनवर संपर्क झाला. उरलेल्या सत्तावन्न जणांनी फोन उचलला नाही. त्यांच्याकडून तक्रार न आल्यामुळे त्यांना निरोगी धरण्यात आलं.' आणि पत्राच्या उजव्या कोपऱ्यात निळ्या शाईत 'पाहिलं' आणि खाली सही. सही माझी होती.

मी ती सही बोटानं घासून बघितली, मूर्खासारखी, जणू दुसऱ्या कुणाची असेल तर पुसली जाईल. मला तो दिवस आठवत नव्हता. एकमताचा दिवस मिनिटामिनिटानं आठवत होता, पहारेकऱ्याच्या सदऱ्याचं तुटलेलं बटणसुद्धा, पण ही सही मी कधी केली, सकाळी की दुपारी, गठ्ठ्यात कितवं पत्र होतं हे, हसत होते की कुणाशी भांडत होते, काही नाही. गठ्ठा आला असणार. मी पहिली ओळ वाचली असणार, 'आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत', आणि 'पाहिलं' लिहिलं असणार. कुंपणानंच शेत खाल्लं. मी आयुष्यभर लोकांना विचारलं, हे वाचणाऱ्यानं खरंच वाचलं कशावरून, आणि इथं वाचणारी मीच होते आणि मी वाचलं नव्हतं. मला वाटत होतं की मी ओरडेन. ओरडले नाही. उठून चालेलरावच्या टेबलाशी गेले आणि पत्र त्याच्यापुढे ठेवलं. त्याचे केस आता सगळे पांढरे झालेत. त्यानं चष्मा कपाळावर चढवून पत्र वाचलं, मग परत वाचलं.

"हे कधी आलं?"

"तारीख आहे वर."

"मला कुणी दाखवलं नाही." मग त्याची नजर कोपऱ्यात गेली. अगदी हळू म्हणाला, "अक्षर तुमचंच आहे, बाई."

"माझंच आहे. आणि माझ्या थोरल्या जाऊबाई वॉर्डात आहेत. हीच तपासणी. मीच सांगितली."

मी वाट बघत होते की तो म्हणेल, चालेल. म्हणेल की ह्यानं काय आकाश कोसळतंय, सत्तावन्नातले बहुतेक जण धडधाकट असतील, सत्त्याण्णवाचे फार तर नव्वद होतील. मला ते ऐकायचं होतं. त्यानं खणातून फेरतपासणीचा फॉर्म काढला, कारणाच्या रकान्यात पत्राची तारीख लिहिली, सही केली आणि पेन माझ्याकडे वळवलं. मीही केली. शेऱ्यावर आजच स्थगिती जाईल, असं तो म्हणाला. जाईलही. पण पाच वर्षं ती तपासणी चालू होती आणि तिनं किती जणांना 'काही नाही' म्हणून घरी पाठवलं, याची नोंद कुणापाशी असणार? त्यांतले आपापल्या घरी असतील, कुणी भाजी चिरत असेल, कुणी पोटावर हात दाबून म्हणत असेल, तपासणी चांगली आलीय, मग हे वायूचंच दुखणं. औषधं आधी की ऑपरेशन आधी, त्याचे अभ्यास मी काढून ठेवले होते वाचायला. मी ते उघडले. अक्षरं दिसत होती, पण प्रत्येक 'हो'पाशी मला वाटत होतं, हे जिनं लिहिलंय, तिच्यासाठी खाली कोण उभं होतं.

परतताना मी चालत गेले. ऊन होतं, रस्त्यावर नेहमीचीच गर्दी, दुकानांची दारं उघडी, आणि मी एकेका माणसाकडे बघत सत्तावन्न मोजत होते. मोजायचं ठरवलं नव्हतं, आपोआप चाललं होतं. चपला दुरुस्त करणारा, एक. पोराच्या नाकाला रुमाल लावणारी, दोन. टाय सैल करून उन्हात उभा असलेला, तीन. ह्यांना कुणीतरी फोन केला होता आणि ह्यांनी उचलला नव्हता. कुणी अंघोळीला गेलं होतं, कुणाचा नंबर बदलला होता, कुणी मशीन चालवत होतं. वहिनी त्या अभ्यासात असत्या तर सत्तावन्नांत असत्या, ह्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. फोन वाजला असता, वहिनी टीप घालत राहिल्या असत्या, आणि पलीकडे कुणीतरी कागदावर 'निरोगी' लिहून पुढचा नंबर फिरवला असता. एकोणचाळीसपर्यंत आले तेव्हा रुग्णालयाचं फाटक आलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं. खोटं सांगावंसंही वाटलं, तेही सांगते: की वहिनी, मी सगळं बघितलं, औषधं आधी घ्या, डॉक्टरीणबाई बरोबर आहेत. त्या हसून सही करतील. कुणाचं काही बिघडणार नाही. त्या बऱ्या होतीलही. आणि मग जिन्यात रोज भेटतील, आणि म्हणतील, तू होतीस म्हणून गं.

वहिनींनी खाटेवरची चादर चारी बाजूंनी ताणून घेतली होती आणि वर मांडी घालून बसल्या होत्या. अंगावर रुग्णालयाचे कपडे, त्यांना दोन मापं मोठे. सही करायचा कागद उशीखाली होता. पलीकडच्या खाटेपाशी परिचारिका कुणाचा ताप बघत होती. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन. "आलीस?" त्या म्हणाल्या. "अगं, चेहरा बघ कसा झालाय. जेवलीस का?" मी स्टूल ओढलं. "वहिनी, तुम्ही सही करायच्या आधी मला एक सांगायचंय." आणि मी सांगितलं. सगळं सांगितलं, क्रमानं, जशी मी नव्या मुलींना शिकवते: तपासणी, अभ्यास, एकशे अठ्ठ्याऐंशी माणसं, फोन, सत्तावन्न, माझं पेन्सिलीचं 'अस्पष्ट', शाईचं 'हो', पत्र, सही. त्या ऐकत होत्या. मध्ये एकदा विचारलं, "म्हणजे ज्यांनी फोन उचलला नाही ते बरे आहेत असं धरलं?" मी हो म्हटलं. "कमालच आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांना क्षणभर हसू आलं, कारण त्यांनाही कळलं की त्या कुणांत मोडल्या असत्या. ते हसू बघून माझा बांध फुटला. मी म्हटलं, "वहिनी, मी असं कधी करत नाही हो. मी अडून बसले होते. पाऊण तास भांडत होते. मी मुळीच सोडणार नव्हते, पण त्या दिवशी तुम्ही खाली उभ्या होतात, तो माणूस सांगत आला, तासभर उभ्या आहेत, तुमच्या चष्म्याचं दुकान बंद होणार होतं, म्हणून मी..."

मी तिथंच थांबले. मी काय बोलून गेले ते माझ्या कानांवर तेव्हा आलं. मी चूक कबूल करायला आले होते, आणि ती त्यांच्याच मांडीवर ठेवून मोकळी झाले होते. हसू त्यांच्या चेहऱ्यावरून गेलं होतं. त्यांनी बाहीचा एक सुटा दोरा बोटाला गुंडाळला, तोडला नाही, परत सोडवला. मला वाटलं त्या चिडतील. त्या चिडाव्यात म्हणून मी जवळजवळ प्रार्थना करत होते. खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडीचं दार लावलं.

"मला काय," वहिनी म्हणाल्या. "मी आणखी तासभर उभी राहिले असते."

मग त्यांनी उशीखालून कागद काढला, पिशवीतून तो चष्मा काढला, पाच वर्षांपूर्वीचा, काचेचा नंबर आता पुरत नाही तो, आणि डोळ्यांना लावला. कागद जवळ धरून बघितला, लांब धरून बघितला. मी सवयीनं हात पुढं केला. त्या नेहमी देतात, विजेचं बिल असो, औषधाची चिठ्ठी असो, पत्र असो, मीच वाचून दाखवते. माझा हात तसाच राहिला. वहिनी पलीकडच्या खाटेकडे वळल्या आणि परिचारिकेला म्हणाल्या, "अहो ताई, सवड झाली की एवढं जरा वाचून दाखवता का मला? सगळं वाचा. मला घाई नाही."